मिनिटाला आठशे

सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडते, म्हणाल्या कुलसुम मॅडम,
आणि मागचे सगळे एकदम माझे हेडमास्तर होतात.
एस्टीम, दोन हजार एकची, सोडावॉटरच्या बाटलीसारखी हिरवी.
फंडाच्या पैशातून नाही, पगारातून घेतली,
हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी बॉनेट उघडलं नाही. आधी नुसता उभा राहिलो.
पंधराशे, सातशे, पंधराशे, सातशे,
जिना चढून काय आणायला आलो ते विसरलेल्या माणसासारखी
वर, खाली,
परत वर.

आधीच्या तिघांची बिलं
त्यांनी उत्तरपत्रिकांसारखी दोऱ्यात ओवून आणलेली.
प्लग. पंप. फिल्टर. परत प्लग.
आणि थ्रॉटलचा तो स्क्रू, ज्यावर कंपनीनं पिवळा ठिपका देऊन
हात लावू नको म्हणून ठेवलेलं,
त्याचा ठिपका फुटलेला.
ज्याला ऐकू येत नाही तो आधी स्क्रू फिरवतो
(हे मी म्हणतो, आणि आमचे नायना तर ठार बहिरे.
चाळीस वर्षं अशोक चौकाच्या मागं माग चालवले,
कान तिथंच कुठल्यातरी चादरीत विणले गेले).

आयएसी व्हॉल्व्ह काढला. चुलीच्या भिंतीला असते तशी काजळी.
क्लीनर मारला, पुसला.
आमच्याकडं पुसायचं फडकंसुद्धा जेकार्डचं, त्यावर अर्धा मोर.
बसवला, चालू केली.
पंधराशे. सातशे.

म्हणजे हवा. चोर हवा.
दारातून येते तिचा हिशेब असतो,
ही कुठूनतरी भिंत फोडून आत येते
आणि बिचारा कॉम्प्युटर कधी पेट्रोल घालतो, कधी तोडतो,
पाहुणे किती आलेत ते न कळलेल्या घरासारखा.

शेजारच्या शिवलिंगची इस्त्रीची पिचकारी आणली.
पाणी मारत गेलो, गॅस्केटवर, जोडावर, बूस्टरच्या नळीवर.
मे महिना, बेचाळीस,
थेंब पडायच्या आधी वाळत होता.

नायना खाटेवरून उठले. बोलावलं नव्हतं कुणी.
डावा तळवा मडगार्डवर ठेवला,
धागा तुटायच्या आधी मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा,
आणि उजव्या हातानं खुणावलं, मार.
मार.
मार.
थांब. तिथंच परत.
मी परत मारलं. एक क्षणभर इंजिन गप्प उभं राहिलं,
मग पुन्हा जिना.

मॅनिफोल्डच्या मागं, आरसा धरल्याशिवाय दिसत नाही तिथं,
करंगळीएवढी रबरी नळी, पोटाखालून तडकलेली.
सत्तर रुपये.
मॅडमनी दोऱ्यातल्या बिलांकडं बघितलं, बोलल्या काही नाहीत.
एवढी वर्षं गणिताचे पेपर तपासलेल्या बाईला
कितव्या ओळीत चुकलं ते कळतं.

नवी नळी घातली, तर गाडी उभीच राहीना.
त्या तिघांतल्या कुणीतरी
चोराच्या हिशेबानं दार लोटून ठेवलेलं.
चोर गेला, घर गुदमरलं.
स्क्रू परत आणला. अर्धा आटा. नंतर पाव. नंतर
पावाच्याही आत, जिथं हात थांबतो
आणि का थांबला ते सांगता येत नाही.

बॅटरीची तार काढली, चहा झाला, तार लावली.
आता काय करायचं, मॅडमनी विचारलं.
आता कुणी काही करायचं नाही.
एसी नको, दिवे नको, पाय नको.
दहा मिनिटं तिचं तिला उभं राहायला शिकू द्या.
त्या हात मागं बांधून उभ्या राहिल्या,
परीक्षेच्या वर्गात राहतात तशा.

हजार. नऊशे.
आठशे.
डॅशबोर्डवरची शेंगदाण्याची टरफलं हलायची थांबली.

नायनांचा तळवा अजून मडगार्डवर.
बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले,
तिसरा ढिला आहे.
काय तिसरा? प्लग?
तीन जणांनी आवळलेला प्लग ढिला कसा असेल.
मी मॅडमकडं बघून हसलो,
पाना घेतला,
लावून बघितला.

होता.